एक घरटं, एक कूळ

बाभळीच्या गावातही पंचायत होती, त्या काळची गोष्ट. कावळे पंचांनी पिंपळपानावर ठराव लिहिला: एका घरट्यात एकच कूळ राहील, दुसरं आढळल्यास घरटं पाडू. सुगरणीच्या जुन्या खोप्यात तिच्यासोबत मुनियेचंही बिऱ्हाड होतं. घाबरून सुगरणीनं विहिरीतल्या कासवाकडे दाद मागितली.

"ठराव करणं पंचांचं काम, त्यात मी पडणार नाही," कासव म्हणालं. "तो सगळ्यांना सारखा लावलाय का, एवढंच बघेन. आधी सरपंचांचं घरटं."

"खुशाल बघा," सरपंच कावळा छाती फुगवून म्हणाला. "चारही पोरं माझ्यासारखीच काळी आहेत."

तेवढ्यात त्याच्या घरट्यातून गोड 'कुहू' ऐकू आलं. सुगरणीनं चोच घट्ट मिटून हसू दाबलं.

"धाकट्याचा घसा बसलाय," सरपंच पुटपुटला, आणि त्यानं ठरावाचं पान मुकाट्यानं गिळून टाकलं.