टिपुगड्यांचा दम

फार वर्षं झाली. तेव्हा मालघोळच्या नदीवर पूल नव्हता आणि हुतूतूचं मैदान म्हणजे काठच्या वाळूत ओढलेली एक रेघ होती. त्या काळी गावात हरबा टिपुगडे नावाचा वस्ताद होता. तो पैलतीरावर दम धरायचा, नदी पोहून अलीकडे यायचा, तरी त्याचा ‘हुतूतू’ तुटलेला नसायचा, असं म्हणतात.

गड्यांना त्याची शिकवण एकच. रेघ दिसली म्हणून दम सोडायचा नाही, रेघ शिवल्यावर सोडायचा. शाबासकी त्याच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती.

बायको लवकर गेली. मागे एक लेक, यसू. ती अंगणात रेघ मारून कोंबड्यांवर चढाई करायची. मुलींनी खेळायची तेव्हा रीत नव्हती. हरबा बघायचा, हसायचा नाही. पण ती रेघ त्याने कधी पुसली नाही.

पुढे यसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जत्रेचा दिवस, पैलतीराशी सामना रंगात आलेला, आणि घरून निरोप आला. लेक अडली आहे. कोंडाबाई सुईण म्हणते, पोरीने धीर सोडला, आता देवाच्या हातात. हरबा तसाच उठला. पैलतीरचे गडी हसले. म्हणाले, टिपुगडे रेघ सोडून पळाला. त्याने वळून पाहिलं नाही.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही. तो परसात गेला, खोलीच्या भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. आतला आवाज बारीक होत चालला होता.

“यसू, रेघ दिसतीया का?”

कळ ओसरल्यावर आतून आलं, “न्हाई, आबा.”

“मग माज्या मागनं म्हण. तुटला तर माजा तुटंल, तुजा न्हाई.”

त्याने दम धरला. आतून तिने धरला. अलीकडे बाप, पलीकडे लेक, मध्ये मातीची भिंत. तिचा तुटायचा, ती पुन्हा धरायची. त्याचा तुटलाच नाही. उन्हं उतरली, गुरं घरी आली. पिंपळाची पानं हलायची थांबली, असं म्हणतात. शेवटच्या कळेला तर भिंतच ‘हुतूतू’ म्हणत होती, असं कोंडाबाई मरेपर्यंत सांगायची.

मूल रडलं. मग हरबाने दम सोडला.

“शिवलीस, बाय,” तो म्हणाला. “शाबास.”

तो दम त्याला परत आला नाही. नदीचा चढ चढतानाही तो बसत बसत यायचा. कोणी हळहळलं, तर मांडीवरच्या नातीकडे बोट दाखवायचा. “दम कुठं गेलाय? घरातच हाय की.”

त्या वर्षी मालघोळ हरलं. काम अर्धं टाकणाऱ्याला पैलतीरचे लोक ‘टिपुगडे’ म्हणू लागले. मग त्यांचीच एक सून अडली. कोंडाबाईला नावेतून नेलं. तिने घरच्या पुरुषांना भिंतीमागे उभं केलं आणि म्हणाली, “आता टिपुगडे व्हा.” सून सुखरूप सुटली. त्यानंतर त्या नावाने कोणी कोणाला हिणवलं नाही.

आता बायका दवाखान्यात जातात. तरी दाराबाहेर बाप, भाऊ, नवरा हळू आवाजात दम धरतात. त्याला आमच्याकडे टिपुगडे होणं म्हणतात. आणि जत्रेच्या सामन्याची रेघ त्या वर्षीची बाळंतीण ओढते, मूल काखेला घेऊन. खेळ संपतो, माणसं पांगतात. ती रेघ मात्र कोणी पुसत नाही.