शेवग्याचा शेंडा

लई लई मागची गोष्ट. तवा तुमी नव्हता, मीबी नव्हतो. तरी मला सगळी ठावं हाय. कशी, ते इचारायचं न्हाई!

एका माळावर एक गाव व्हतं. गावातल्या बाया कामाला वाघिनी, पन अंगात रगत न्हाई. डोईवर हंडा घेतला की डोळ्याम्होरं काजवे. भागीरथीची सून येसू तर चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडायची. त्यात तिला तिसरा म्हैना. वैदूनं नाडी धरली न् म्हनला, "हिच्या अंगात रगत भरलं न्हाई, तर बाळबी जाईल आन् आईबी."

त्या गावात ठकू म्हातारी व्हती. दात एक, शेळी एक, खोड्या हजार. तिनं दारोदार शेवग्याच्या बिया वाटल्या.

"लावा गं सटव्यांनो! ह्याचा पाला रोज भाजीत टाका, वरनात टाका. गालावर लाली न्हाई आली तर माझं नाव बदला. पन रोप कमरेला लागलं की शेंडा खुडायचा. मग फांद्या फुटत्यात, पाला हाताशी येतो."

बाया हरकल्या. बिया लावल्या, पानी घातलं. दोन म्हैन्यात रोपं कमरेला लागली!

आन् शेंडा खुडायची येळ आली तशा सगळ्यांनी हात मागं घेतले. गावची रीतच तशी. घरात पोटुशी असली की हिरव्या झाडाचा शेंडा मोडायचा न्हाई, शेजारी असली तरी न्हाई. आता मला सांगा, पोटुशी न्हाई असा शेजार कुठं असतो व्हय?

"जाऊ दे की झाड वर," भागीरथी म्हनली.

"वर जाऊन काय चांदोबाला भाजी घालायचीय?" ठकू खेकसली.

कुनी ऐकंना. मग ठकूनं गुपचूप शेळीचं दावं सोडलं.

शेळी म्हनली, "म्हातारे, पाप कुनाच्या माथी?"

"शेळीला कसलं आलंय पाप? खा!"

शेळीनं गावातले सगळे शेंडे फस्त केले. भागीरथीच्या झाडाला बाभळीच्या काट्यांचं कुंपन व्हतं, तेवढं वाचलं.

बाया केरसुन्या घेऊन ठकूच्या दारात!

"मारा की," ठकू म्हनली. "पन आठ दिसांनी. आज मारलंत तर तवा पाया पडायला यावं लागंल."

आठव्या दिशी गावात नुसता कालवा!

"अगं बया, माझ्या झाडाला पाच फुटवे!"

"माझ्याला सात!"

"खोटारडे, दाव बरं!"

घराघरात पाल्याची भाजी शिजली. पंधरवड्यानं शेजारनीनं येसूला वंजळभर पाला धाडला. भागीरथीनं तो परत केला. "मोडल्या झाडाचा पाला पोटुशीला नगं!" आन् तिचं सवताचं झाड? काठीसारखं सरळ, डोईच्या वर. पाला सगळा शेंड्याला.

येसू भिताडाला धरून भाईर आली. वर बघितलं, तशी घेरी आली. ती सासूला म्हनली, "आत्याबाई, शेंडा मोडला तर बाळाला धोका म्हनता. आन् मीच मोडले तर?"



येसूनं काटे बाजूला सारले. दोन्ही हातांनी झाड वाकवलं. कडाक!

भागीरथीनं किंकाळी फोडली, डोळे गच्च मिटले.

"आत्याबाई! आत्याबाई, हात लावा हिकडं! बाळानं लाथ मारली! पयलीच लाथ!"

भागीरथीनं हात लावला. आन् मग भागीरथी अशी पळाली, अशी पळाली, मोडलेला शेंडा उचलून थेट चुलीकडं, भाजी टाकायला!

नवव्या म्हैन्यात येसूला पोरगी झाली. येशीवर ऐकू येईल अशी रडली. बाराव्या दिशी भागीरथी वटीत बिया घेऊन शेजारच्या गावाला निघाली, बायांना शेंडा खुडायला शिकवायला.

तर ऐका, ल्हान-थोर सगळ्यांनी: ज्या जिवासाठी रीत पाळायची, तोच जीव जात असंल तर रीत मोडावी, जीव न्हाई.