येसबा गुरवाचे वरचे आठ दात

आडवली गावात एक गुरव होता. येसबा त्याचं नाव. भोळा होता. भोळा म्हणजे किती, ते तुम्हीच ठरवा. त्याला कुणी काही सांगितलं की तो ते तसंच्या तसं करायचा, आणि मग सांगणाराच डोक्याला हात लावून बसायचा.

येसबा सनई वाजवायचा. सकाळी देवळात, आणि गावातल्या एकूण एक लग्नात. एकदा सनई वाजवत देवळाच्या पायऱ्या उतरताना त्याचा पाय घसरला. सनई वाचली. वरचे आठ दात गेले. दवाखान्यात कंपाउंडरनं कापूस लावला आणि म्हणाला, ‘जखम भरू दे. मग बघू.’

जखम आठ दिवसांत भरली. येसबा ओट्यावर वाट बघत बसला, कोण बघायला येतंय म्हणून. नऊ वर्षं बसला. कुणीही आलं नाही.

हसू नका. नऊ वर्षांत त्याच्या वरच्या जबड्याचं हाड झिजत गेलं. सनईचा सूरही गेला. ओठाला मागून दातांचा टेकू नाही, त्यामुळं हवा बाजूनं निसटायची आणि नुसतं फुस्स व्हायचं. लोक लग्नाला बँड आणू लागले. त्याचं येसबाला फार काही वाटलं नाही. पण लेक इंदू लग्नाला आली आणि तो कासावीस झाला. त्यांच्या घरची रीत होती. मुलीवर शेवटची अक्षता पडली की बापाची सनई वाजायची. येसबाच्या बहिणीच्या लग्नात त्याच्या बापानं वाजवली होती, आत्याच्या लग्नात आज्यानं.

‘आन् माझ्या पोरीच्या लग्नात मी फुस्स करू व्हय?’ येसबा म्हणायचा आणि टोपीनं डोळे पुसायचा.

शेवटी त्याच्या बायकोनं, हौसानं, त्याला एसटीत बसवलं आणि तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. शिरगावकर बाई म्हणून होत्या. त्यांनी फोटो काढला, उजेडात धरला.

‘येसबा, हाड पातळ झालंय,’ बाई म्हणाल्या. ‘वर लगेच नाकाशेजारची पोकळी आहे. स्क्रू बसवायला जागाच नाही. आता तीन वाटा. काढता-घालता येणारी कवळी करायची, ती पहिली. दुसरी म्हणजे पोकळीचा पडदा जरा उचलून खाली हाडाची भुकटी भरायची, सहा महिने ती मुरू द्यायची, मग स्क्रू आणि स्क्रूंवर पक्के दात. नाहीतर लांब स्क्रू थेट गालाच्या हाडात घालतात, ते ऑपरेशन मोठं असतं. घरी सगळ्यांना विचारा आणि मला सांगा.’

येसबानं घरी सगळ्यांना विचारलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बाईंना सांगितलं, ‘तिघींना विचारलं. बायकू म्हणली हाड भरा. लेक म्हणली हाड भरा. म्हस काय बोलली न्हाई.’

बाईंनी चष्मा काढून पुसला. ‘दोन मतं पुरेत,’ म्हणाल्या. भुकटी भरायला पंधरा दिवस अवकाश होता. तोवर वापरायला त्यांनी एक तात्पुरती कवळी करून दिली.

‘झोपताना काढायची आणि पाण्यात ठेवायची.’

‘कंच्या पाण्यात?’

‘स्वच्छ पाण्यात हो. कळलं?’

‘कळलं,’ येसबा म्हणाला.

घरात सगळ्यात स्वच्छ पाणी माठातलं. येसबानं दुपारी झोपताना कवळी काढली आणि माठात सोडली. नेमके त्याच दुपारी बोरजाई गावचे कोंडिबा आपल्या मुलाला घेऊन इंदूला बघायला आले. इंदूनं माठात तांब्या बुडवला आणि भरून त्यांच्यापुढं ठेवला. कोंडिबांनी तांब्या उचलला, तोंडाशी नेला, आत बघितलं. आतून आठ दात त्यांच्याकडं बघत होते.

कोंडिबा भला माणूस. त्यांनी तांब्या हळूच खाली ठेवला. म्हणाले, ‘मुलगी पसंत आहे. पाणी नको.’

पाहुणे गेल्यावर हौसा कडाडली. ‘अवं, अक्कल कुठं गहाण टाकली का काय! असली वस्तू डब्यात घालायची, झाकण गच्च लावायचं आन् फडताळात ठेवायची! कळलं?’

‘कळलं,’ येसबा म्हणाला.

पंधरा दिवसांनी बाईंनी पडदा उचलला, भुकटी भरली, टाके घातले आणि बजावलं, ‘घरी जाऊन गालाला बर्फ लावा. तीन दिवस गार आणि मऊ खा. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंका. आणि मी सांगेपर्यंत सनई फुंकायची नाही. भुकटी हलली तर सगळं फुकट.’

येसबानं येताना सोड्याच्या दुकानातून बर्फ आणला. तास झाला, दोन तास झाले, गाल भोपळ्याएवढा सुजला.

‘अवं, बर्फ कुठाय?’ हौसानं विचारलं.

‘डब्यात हाय की. झाकण गच्च लावलंय. फडताळात ठिवलाय.’

हौसानं डबा उघडला. पेलाभर पाणी निघालं. ‘देवा रे! गार वस्तू फडक्यात गुंडाळायची आन् गालाला बांधायची असती! कळलं?’

‘कळलं.’

दुसऱ्या दिवशी हौसानं गार दहीभात कालवून झाकून ठेवला आणि ती शेतावर गेली. परत येऊन बघते तर येसबा देवळाच्या कट्ट्यावर बसलेला. गालाला फडकं बांधलेलं. फडक्यातून दही गळ्यात उतरतंय आणि दोन शेळ्या दोन बाजूंनी मान चाटतायत.

‘हौसे,’ तो रडवेला होऊन म्हणाला, ‘दोन तास झालं बांधून. पोट काय भरंना.’

हौसानं आधी शेळ्या हाकलल्या, मग कपाळ बडवून घेतलं. ‘अवं माझ्या राजा, असलं काही दिलं की तोंडात घ्यायचं आन् न चावता गिळून टाकायचं! कळलं?’

‘आत्ता कळलं,’ येसबा म्हणाला.

टाके बघायला गेल्यावर बाईंनी चूळ भरायचं औषध दिलं. चांगली मोठी बाटली. येसबानं एसटी स्टँडवरच बूच काढलं, तोंडात घेतलं आणि न चावता गिळून टाकलं. अख्खी बाटली. आडवली येईस्तोवर त्याच्या ढेकरांना पेपरमिंटचा वास येत होता आणि पोटात म्हैस रवंथ करावी तसं चाललं होतं. हौसानं घाबरून बाईंना फोन लावला. बाईंनी आधी त्याला सरकारी दवाखान्यात न्यायला लावलं. तिथं त्याचं पोट साफ झालं. मग बाई फोनवर एकेक शब्द सुटा करून बोलल्या. ‘येसबा, ऐका. तोंडात घेतलेलं गिळायचं नाही. एक मिनिटभर तोंडात फिरवायचं आणि थुंकून टाकायचं. कळलं?’

‘कळलं, बाई.’

त्याच आठवड्यात इंदूचा साखरपुडा. मांडवात माणसं दाटलेली. कोंडिबांची आई ऐंशी वर्षांची. ती कौतुकानं उठली आणि आपल्या हातानं येसबाच्या तोंडात पेढा घातला.

येसबानं डोळे मिटले. पेढा या गालातून त्या गालात फिरवला. त्या गालातून या गालात आणला. लोक बघत राहिले. मिनिट झालं आणि येसबानं तो पेढा म्हातारीच्या पायाशी थुंकला.

कोंडिबा ताडकन उठले. ‘माझ्या आईच्या हातचा पेढा थुंकतो? उठा रे! मोडली सोयरीक!’

पण इंदू पुढं झाली. पोरगी आईवर गेलेली, धीट. ‘मामा,’ ती म्हणाली, ‘डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं त्यांनी केलं. बाबांच्या मनात पाप नाही. त्यांना जे सांगू ते ते करतात, एवढंच.’ आणि तिनं दुसरा पेढा बापाच्या हातावर ठेवला.

येसबानं पेढ्याकडं बघितलं. सगळ्यांकडं बघितलं. घाबरत घाबरत विचारलं, ‘ह्यो गिळू का थुंकू?’

म्हातारी खुदकन हसली. इतकी हसली की तिची स्वतःची कवळी निसटून ओटीत पडली. मग सगळा मांडव हसला. कोंडिबा काही हसले नाहीत, पण बसले.

‘एक सांगून ठेवतो येसबा,’ ते म्हणाले. ‘गुरवाच्या घरची सोयरीक म्हणून आलोय. शेवटच्या अक्षतेला तुमची सनई वाजली पाहिजे, तीही तुमच्याच तोंडानं. फुस्स झालं तर वऱ्हाड तसंच माघारी नेईन.’

येसबानं पोरीकडं बघितलं आणि मान हलवली. त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

पण पथ्य मात्र पाळलं, गड्यानं! सनईच काय, गरम चहासुद्धा फुंकला नाही. शिंक आली तर तोंड आ करून. एकदा आरतीत आली, समोर बायकांची ताटं होती, पाच निरांजनं विझली. बायका ओरडल्या. ‘फुकलं न्हाई,’ येसबा म्हणाला, ‘शिंकलो.’ डिसेंबरात बाईंनी फोटो काढला. हाड भरलं होतं! चार स्क्रू बसले. आणखी चार महिने थांबून एप्रिलात त्यांवर आठ दात चढले, पांढरेशुभ्र, सलग.

‘आता लग्नात खुशाल सनई वाजवा,’ बाई म्हणाल्या.

लग्न वैशाखात होतं, म्हणून येसबानं तोवर सनईला हात लावला नाही. हौसा म्हणायची, ‘एकदा वाजवून तर बघा!’ तो म्हणायचा, ‘बाई लग्नात म्हणल्या.’

लग्नाला दोन दिवस राहिले. दुपारी हौसा लाडू वळत होती. ओट्यावरनं कण्हण्याचा आवाज आला. बघते तर येसबा पक्कड घेऊन नवे दात ओढतोय! शेजारी पाण्याची वाटी तयार.

‘काय करताय!’ ती किंचाळली.

‘आज कुठं जरा झोप येतीया. झोपताना काढून पाण्यात ठेवायचं म्हणून...’ येसबा कळवळून म्हणाला. ‘पर निघंनात.’

हौसानं पक्कड हिसकावली आणि बाईंना फोन लावला. पलीकडून बाई इतक्या जोरात ओरडल्या की शेजारी ऐकू गेलं. ‘येसबा! नीट ऐका! तोंडात बसवलेलं आता काढायचं नाही! जेवताना नाही, झोपताना नाही, कुणी कितीही ओढलं तरी नाही! कळलं?’

‘कळलं,’ येसबा म्हणाला. त्याला अगदी लख्ख कळलं होतं.

लग्नाचा दिवस उजाडला. मंगलाष्टकं सुरू झाली. येसबा सनई घेऊन बोहल्याशेजारी उभा. दहा महिन्यांत एकदाही फुंकलं नव्हतं. कोंडिबा त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होते आणि अंतरपाटाआडून इंदूही. शेवटचं ‘सावधान’ झालं. अक्षता पडल्या. येसबानं सनई नीट तोंडात बसवली आणि फुंकर मारली.

आणि काय सांगू! असा सूर लागला, असा लागला, की भटजी ताम्हन धरायचं विसरले. हौसा पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. कोंडिबांच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी येसबाला कडकडून मिठी मारली. येसबा सनई वाजवतच होता.

पंगत बसली. येसबा सनई वाजवत होता. पानावरची जिलबी तशीच राहिली. हौसा म्हणाली, ‘पुरे आता, दोन घास खा.’ त्यानं मान हलवली. भावकीतल्या चौघांनी सनई धरून ओढली. त्यानं नवे दात असे रोवले की एक जण सनई सोडून मागं पडला. कशी निघणार? चार स्क्रू होते हाडात! पाठवणी झाली, सगळं गाव रडलं, आणि येसबा सनई वाजवत पोरीच्या पाठोपाठ वऱ्हाडाच्या टेम्पोत चढला.

पाचव्या दिवशी कोंडिबांचा हौसाला फोन आला. मागं सनई चालू होती. सूर जरा दमलेला, पण चालू.

‘वहिनी,’ कोंडिबा म्हणाले, ‘सूनबाई सुखात आहे. पण रीतीप्रमाणं नव्या नवरीला माहेरी न्यायला मुराळी म्हणून तिचा बाप येतो. बाप इथंच आहे. आता बापाला न्यायला मुराळी कोण येणार, तेवढं सांगा.’