उंदराचं सुतक

एका गावात एक भोळा बाप होता, आणि त्याच्या बायकोला झोप येत नव्हती.

बापाचं नाव रंगनाथ. बायकोचं सगुणा. ती सातवी पास होती, म्हणजे काळजी करण्यापुरती शिकलेली होती. तिची काळजी एकच. मुलगी बकुळ पाच वर्षांची झाली, ती बापावर गेली तर? नाक बापाचं आलंच होतं. नाकाचं काही नाही, पण नाकाच्या वर जे असतं तेही तिकडूनच आलं असेल तर?

रंगनाथ वाईट नव्हता. जे सांगाल ते ऐकायचा. तीच तर अडचण होती.

एकदा गावच्या शास्त्रीबुवांनी देवळात सांगितलं, "एकादशीला ज्याच्या घरचा एकही जीव जेवला, त्याचं पुण्य बुडालं."

रंगनाथ घरी आला. त्याने गोठ्यातला कडबा उचलून माळ्यावर टाकला आणि वासराचं तोंड दोरीने बांधलं. गाय हंबरायला लागली. सगुणा धावत आली.

"अहो, वासराचं तोंड का बांधलंय?"

"एकादशी आहे."

"वासराला?"

"घरचाच जीव ना तो?"

"अहो, शास्त्र माणसांना असतं! जनावरांना नसतं!"

"असं होय! चुकलो. आता लक्षात ठेवीन," रंगनाथ म्हणाला, आणि त्याने उपरण्याला एक गाठ मारली.

बकुळ शेजारीच उभी होती. तिने परकराच्या टोकाला एक गाठ मारली. सगुणाने ते पाहिलं.

पुढच्या एकादशीला सगुणा विहिरीवर गेली. परत येऊन बघते तर बकुळ रिकाम्या ताटलीसमोर बसलेली, आणि वासरू तिचा मऊभात चाटूनपुसून खातंय.

"अहो, हे काय?"

"वासरू जनावर आहे, त्याला शास्त्र नाही. बकुळ माणूस आहे. तूच सांगितलंस ना!"

सगुणाला वाटलं, चूक आपलीच. आपण अर्धवट सांगितलं. नवऱ्याला आणखी काही शिकवण्याची हिंमत तिला होईना. म्हणून ती त्याला आणि बकुळला घेऊन त्याच दुपारी शास्त्रीबुवांकडे गेली. शास्त्रीबुवा तेव्हा वरणभात जेवत होते. पण त्यांना आदल्या दिवशी दोन शिंका आल्या होत्या, त्यामुळे ते आजारी होते.

"अरे वेड्या," शास्त्रीबुवा भुरका मारून म्हणाले, "बाल, वृद्ध आणि आतुर, या तिघांना शास्त्र सूट देतं. पोर, म्हातारा, आजारी. कळलं?"

"असं होय! चुकलो. आता लक्षात ठेवीन."

दुसरी गाठ. परकरालाही दुसरी.

"बकू, तुला काय कळलं गं?" वाटेत सगुणाने जीव मुठीत धरून विचारलं.

"मला भूक लागलीय," बकुळ म्हणाली. यावरून काहीच ठरवता येईना.

पावसाळ्यात रंगनाथचे चुलते वारले. वय ब्याऐंशी. रंगनाथ स्मशानातून निघाला, आंघोळ न करता थेट देवळात गेला आणि ताटातले पेढे घेऊन प्रसाद वाटायला लागला. निम्म्या गावाच्या तोंडात पेढा गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. ज्यांनी गिळला होता ते थुंकायला बघत होते.

"अरे गाढवा! सुतक आहे तुला!" शास्त्रीबुवा ओरडले.

"काका वृद्ध होते. वृद्धांना सूट आहे ना?"

"मेलेल्याला कसलं आलंय शास्त्र! मागे राहतात त्यांना लागतं! ज्या घरात मृत्यू, त्या घराला दहा दिवस सुतक. आणि ते लपवलं तर सगळ्या गावाला दोष!"

"असं होय! चुकलो. आता लक्षात ठेवीन."

तिसरी गाठ. इकडे परकरालाही तिसरी. सगुणाने त्या रात्री परकर धुताना तिन्ही गाठी सोडल्या. सकाळी त्या पुन्हा होत्या.

माघात शास्त्रीबुवांच्या नातवाची मुंज निघाली. पाच गावांना आमंत्रण. सगुणा पहाटेपासून त्यांच्या स्वयंपाकघरात ओल्या सोवळ्यात पुरण वाटत होती. शेवटची पंगत उठेपर्यंत रांधणाऱ्या बाईने पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असं शास्त्रच होतं. रंगनाथला कुणीतरी कोठीतून गूळ आणायला पाठवलं.

गुळाच्या ढेपेमागे एक उंदीर मरून पडला होता.

रंगनाथ उंदराकडे बघत राहिला. मग त्याने उपरण्याच्या गाठी चाचपल्या. मेलेल्याला शास्त्र नाही, मग तो जनावर असो की कुणी. मागे राहतात त्यांना लागतं. ज्या घरात मृत्यू, त्या घराला. लपवलं तर गावाला दोष.

तो मांडवात जाऊन उभा राहिला आणि जोरात म्हणाला, "थांबा! आत मृत्यू झालाय! सुतक आहे!"

सनई बंद पडली. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. बटूचं अर्धं डोकं झालं होतं, अर्धं राहिलं. शास्त्रीबुवांची म्हातारी आई आत निजली होती, म्हणून बायकांनी हंबरडा फोडला. तो ऐकून म्हातारी उठून बाहेर आली. "कोण गं गेलं?" तिने विचारलं. कुणीच सांगेना, तेव्हा रीत म्हणून तीही रडायला बसली.

शास्त्रीबुवांनी आईकडे पाहिलं. मग रंगनाथकडे पाहिलं.

"मेलं कोण?"

"उंदीर."

"उंदीर?"

"मोठा होता," रंगनाथ हळहळून म्हणाला. "दहा दिवस लागतील."

"मूर्खा! उंदराचं कसलं सुतक? आमच्या घराला असलं काही लागू नाही!"

रंगनाथ गडबडला. तो एकेक गाठ धरून मोजायला लागला. "म्हणजे जनावराला नाही. पोराला, म्हाताऱ्याला, आजाऱ्याला नाही. मेलेल्याला नाही. आणि शास्त्रीबुवांच्या घराला नाही. चुकलो. आता लक्षात ठेवीन." चौथी गाठ मारायला त्याने उपरणं पुढे ओढलं.

मांडवात कुणी हसेना. हसावं की नाही, याला शास्त्राधार कुणाला आठवत नव्हता. सगुणा पुरणाची पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. घशाला कोरड पडलेली. सगळ्यांच्या नजरा आता तिच्या नवऱ्यावर. आणि बकुळ बापाशेजारी उभी राहून त्याचं मोजणं नीट ऐकत होती. तिचा हात परकराकडे गेला. सगुणाने डोळे मिटले.

पण गाठ काही पडली नाही. बकुळ मांडव ओलांडून आईपाशी आली, तिच्या ओल्या लुगड्याला धरून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, मग शास्त्र एकटं तुलाच आहे का गं?"