भज्यांची पाच फुलं

गोष्ट तशी फार पूर्वीची, पण भज्यांची आवड तेव्हाही आजच्याइतकीच होती बरं का!

एका डोंगराखालच्या गावात एक म्हातारी राहायची. सगळे तिला अनसामावशी म्हणत. तिच्या परसातला भोपळा माळ्यावर ठेवला की वर्षभर टिकायचा. पावसाळ्यात नदी भरून वाट बंद झाली की सगळं गाव त्याच भोपळ्यावर दिवस काढायचं.

एका वर्षी काय झालं, उंदरांनी मडक्यातलं बी फस्त केलं. दोनच बिया वाचल्या. एक मावशीनं परसात लावली, दुसरी तीन कोसांवरच्या गावी भावाकडे धाडली. भावाच्या वेलाला फुलं आली ढीगभर, पण सगळी नर! फळ कसलं धरतंय? आणि मावशीचा वेल एका बकरीनं असा ओरबाडला, की एक शेंडा तेवढा उरला. त्या शेंड्यावर मादीची एकच कळी होती, बुडाशी बोराएवढा भोपळा असलेली. ती उद्या सकाळी उमलणार आणि ऊन चढलं की कायमची मिटणार. त्याआधी तिला नरफुलातलं पिवळं पीठ लागलं नाही, तर त्या भोपळ्याचा वंशच संपला.

गावातली साळू फुलवाली रोज त्या भावाच्या गावी फुलं आणायला जायची. मावशी तिला म्हणाली, "साळू, एवढी कळी वाचव गं बाई माझी. भावाकडून नरफुलं घेऊन ये."

भावानं संध्याकाळी पंधरा कळ्या लांब दांड्यांसकट खुडल्या, त्यांची तोंडं दोऱ्यानं बांधली आणि लोटीतल्या पाण्यात त्या उभ्या केल्या.

"दांडी पाण्यात, फूल कोरडं," त्यानं बजावलं. "आतलं पीठ भिजलं की गेलंच म्हणून समज."

"अहो दादा, फुलांतच जन्म गेला माझा. मला शिकवता होय?" साळू म्हणाली.

आता खरं सांगायचं तर भोपळ्याच्या फुलांची भजी म्हणजे साळूचा जीव की प्राण. वाटेत तिच्या मनात आलं, एका कळीला पंधरा फुलं हवीत कशाला? घरी येताच तिनं पाच काढली, दांड्या वाटीभर पाण्यात बुडवल्या आणि वाटी माठामागे दडवली. फुलांवर मात्र थेंब पडू दिला नाही, कारण ओलं फूल तेलात तडतडतं. पाहा, स्वतःच्या भज्यांची केवढी ती काळजी!

पहाटे उठून तिनं उरलेल्या दहा फुलांचे दोरे सोडले. फुलं छान उमलली. आणि रोज पाटीतल्या मोगऱ्यावर शिंपडते तसं, झोपेतल्या हातानं तिनं त्यांच्यावरही पाणी शिंपडलं. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

मावशी वेलापाशी वाटच बघत होती. कळी उमलली होती. मावशीला डोळ्यांनी कमीच दिसायचं. फुलं हातात घेऊन ती हरखली. "किती ताजी गं! जशी आत्ताच खुडली!"

साळूनं फुलात डोकावून पाहिलं, तर काय! आतल्या पिठाचा चिखल झाला होता. दहाच्या दहा फुलांचा!

गप्प राहिली असती तर कोणाला कळणार होतं? फळ गळलं असतं आणि सगळ्यांनी बकरीला शिव्या घातल्या असत्या. कोरडी फुलं घरी आहेत म्हणावं, तर चोरी उघडी पडणार. तेवढ्यात मावशी फुलाच्या पाकळ्या सोलायला लागली.

"मावशी, थांबा!" साळू ओरडली. "ती फुलं भिजलीत. मीच भिजवली, सवयीनं. पण घरी आणखी पाच आहेत, कोरडी. मी... भज्यांसाठी काढून ठेवली होती."

मावशीनं हातातलं फूल टाकून दिलं. मग म्हणाली, "अगं, मग उभी काय राहिलीस? पळ की!"

साळू अशी पळाली, की पदर एकीकडे आणि चप्पल दुसरीकडे. परत आली तेव्हा ऊन कुंपणावर आलं होतं आणि कळीच्या पाकळ्या मिटायला लागल्या होत्या. मावशीनं एकेका फुलाच्या पाकळ्या सोलून आतला पिवळा गोंडा कळीच्या मध्यात हळूच टेकवला. पाचही फुलं वापरली. मग कळीचं तोंड दोऱ्यानं बांधून टाकलं.

पुढचे आठ दिवस साळूला दुसरं काही सुचेना. रोज सकाळी ती मावशीच्या परसात हजर. नवव्या दिवशी बोराएवढा भोपळा लिंबाएवढा झालेला दिसला आणि ती तिथंच मटकन बसून रडायला लागली. "धरलं हो मावशी, धरलं!"

भोपळा पिकला. बी घरोघर वाटलं गेलं. पहिली मूठ मावशीनं साळूच्या ओच्यात टाकली आणि म्हणाली, "माझ्यासाठी आणलेली भिजवलीस, चोरलेली तेवढी जपलीस. अशी कशी गं तू? पुढच्या वर्षी भज्यांना फुलं माझ्याकडे माग हो."

साळू लाजली, पण कित्येक दिवसांनी पोटभर हसली.

तात्पर्य: चूक कबूल करायची ती दुरुस्त करता येते आहे तोवरच. एकदा फूल मिटलं, की कबुली देऊन फळ धरत नाही.