सोमवारच्या उपासाची यादी

माणसं अजून झाडावर होती आणि जनावरं संगणकावर काम करत होती, त्या काळातली गोष्ट. करवंदीच्या रानात रणबा नावाचा वाघ राज्य करायचा. दर सोमवारी शिकार न करता उपास करीन, असं त्यानं हरणांना कबूल केलं आणि सगुणा साळिंदरीला वर्षभराच्या सोमवारांची यादी करायला बसवलं.

“महाराज, पहिल्या दोन चौकटींत लागोपाठच्या दोन सोमवारांच्या तारखा लिहायच्या आणि दोन्ही मिळून खाली ओढायच्या,” सगुणा म्हणाली. “म्हणजे आठवड्याचं अंतर संगणकाला कळतं.”

“मला शिकवतेस? सरक!” वाघानं पाच ही एकच तारीख लिहिली आणि पंजानं तळापर्यंत ओढली. खाली सहा, सात, आठ अशा रोजच्या तारखा भरत गेल्या. सगुणा तोंड उघडणार तोच तो गुरगुरला, “एक शब्द बोललीस तर खाईन.” मग न वाचताच त्यानं शिक्का मारला आणि यादी वडावर लागली.

सोमवारी वाघानं उपास केला, मंगळवारी शिकार सापडली नाही; तिसऱ्या दिवशी भुकेनं कासावीस होऊन तो हरणांवर धावला. म्हातारी हरिणी जागची हलली नाही. “महाराज, आज सात तारीख. यादीत आहे.”

वाघानं यादी पहिल्यांदाच नीट वाचली. सगळं रान बघत होतं.

“यादी चुकली का, महाराज?” सगुणानं हळूच विचारलं.

“माझी यादी चुकेल? रोजचाच उपास धरलाय मी!” असं म्हणून त्यानं तोंडभर गवत उपटलं आणि कसंबसं चावलं. “मीठ तरी आणा कुणीतरी.”

“सैंधव आणते,” हरिणी म्हणाली. “उपासाला साधं मीठ चालत नाही.”