पंचांनी न पाहिलेला हात

"मग त्याला क्लबातून काढलं, यात आमचं चुकलं काय, बुवा?"

विद्यापीठामागच्या टेकडीवर नागोजीबुवांचा मठ. रणधीर घोलप पायऱ्या चढून आला आणि वहाणा न काढताच अंगणात उभा राहिला.

तो विद्यापीठातल्या कबड्डी क्लबचा कप्तान. क्लब मुलांनीच काढलेला, मुलंच चालवायची. बुवांनी तरुणपणी हुतूतू गाजवला होता, मग भगवी वस्त्रं घेतली. संध्याकाळी खाली उतरून पोरांना डाव शिकवायचे. पण दिगंबर लवटेला काढल्यापासून ते मैदानावर फिरकले नव्हते.

बुवा लाकडं फोडत होते. कुऱ्हाड थांबली नाही.

"अंतिम सामना होता. त्यांची शेवटची चढाई. त्यांच्या गड्याचा हात मला लागला म्हणून त्यांनी ओरडा केला. पंच म्हणाले, नाही लागला. करंडक आमचा होता! आणि हा दिगंबर... माझ्या शेजारी उभा असलेला, आमचाच गडी... हात वर करून पंचांना सांगतो, लागला, मी पाहिलं. गुण गेला. सामना गेला."

"लागला होता?"

"पंचांनी पाहिला नाही."

"लागला होता?"

"पंचांचा निर्णय अखेरचा असतो, बुवा. नियम आहे तसा."

बुवांनी कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. उठले. आणि रणधीरच्या पाठीत असा धपाटा घातला की तो तोंडावर पडता पडता राहिला.

"आई गं! ...बुवा, मारताय काय?"

"लागलं?"

"लागणार नाही तर काय!"

"इथे पंच नाहीत."

रणधीरच्या नाकपुड्या फुलल्या. कानशिलं तापली.

"क्लब आमचा आहे!" तो ओरडला. "विद्यापीठानं नुसती पडीक जागा दाखवली. दगड आम्ही वेचले, माती आम्ही वाहिली. कोणाला ठेवायचं ते आम्हीच ठरवणार. सगळ्यांनी हात वर करून ठरवलंय."

"माती दिगंबरनं नव्हती वाहिली?"

रणधीरनं वहाणेनं माती उकरली.

"आणखी काय केलंत त्याचं?"

"काही नाही."

"बोल."

"पोरांनी त्याची जर्सी... मेसच्या दारावर टांगली. वर गद्दार लिहून."

"पोरांनी?"

वाऱ्यानं लाकडाचा भुसा उडाला. रणधीरनं मान वळवली.

"मी लिहिलं."

"आणि इथे मला जाब विचारायला आलास." बुवांचा आवाज चिरला. "चालता हो."

"म्हणजे माफी मागू? मी? कप्तान आहे मी!"

बुवांनी कुऱ्हाड उपसली आणि पुढचा ओंडका उभा केला. रणधीर पायऱ्यांवरून धाडधाड उतरत गेला.

आठवड्यानं तो परत आला. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली.

"जर्सी उतरवली, बुवा. ऐन जेवणाच्या वेळी, सगळ्यांदेखत. पोरं ताटं वाजवायला लागली. आता मलाच गद्दार म्हणतात. सरावाला हाक मारली तर कोणी येत नाही."

बुवा फोडलेली लाकडं रचत होते.

"दिगंबरच्या खोलीवर गेलो. चुकलो म्हणालो. हात लागला होता, मला कळलं होतं, तरी मी गप्प बसलो, असं त्याच्यासमोर कबूल केलं. त्यानं ऐकून घेतलं... आणि दार तोंडावर आपटलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तेच. आज गेलो, तेच! शब्द नाही. शिवी नाही. नुसतं दार!"

"हं."

"हं काय, बुवा? तुमचं ऐकून गेलो मी!"

"मी जा म्हणालो नव्हतो."

रणधीरनं मुठी आवळल्या. मग एकाएकी तो खालीच बसला, अंगणातल्या धुळीत.

"सगळं केलं मी. कप्तानकी गेल्यात जमा आहे. दोस्त गेले. तो तर बघतसुद्धा नाही माझ्याकडे... किती अपमान गिळायचा मी? सांगा ना. किती?"

बुवा त्याच्यासमोर धुळीतच बसले.

"त्याला वाढलास तेवढा."